प्रलयाची बेगमी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या दरम्यान, किन्हवलीच्या आसपासच्या कोणत्याही बऱ्यापैकी गावी जावे, तर तेथे एक तरी गृहस्थ असा आढळतो, की ज्याचा सरकारवर, बँकेवर आणि नाण्यावर काडीचाही विश्वास नसतो. ही तिन्ही एके दिवशी एकदमच बुडणार आणि त्या दिवशी आपण तेवढे तरणार, याविषयी मात्र त्याच्या मनात तिळमात्र संदेह नसतो. आमचे तात्या हे या पंथाचे अध्वर्यू. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून ते निवृत्त झाले, आणि दरमहा बँकेत बिनतक्रार जमा होणाऱ्या निवृत्तिवेतनातूनच त्या बँकेच्या अंतकाळाची तजवीज करू लागले.

तजवीज म्हणजे जिनसांची. राज्य बुडाले की नोट म्हणजे चिठोरे, पुढचा व्यवहार मालाने. आणि माल असा हवा, की जो चिमटीने देता येईल, ज्यावाचून शेजाऱ्याचे अडेल आणि जो शेजाऱ्याला घरी करता येणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. या कसोटीला उतरलेले जिन्नस त्यांच्या माजघरात फर्दवार मांडलेले आहेत : खडेमीठ तीन पोती, काडेपेट्यांची पुडकी, सुया, दाभण, सुतळी, मेणबत्त्या, विळ्याकोयत्यांची पाती, तंबाखूचे डबे. तात्या स्वतः माळकरी. तरीही समाज बुडाला म्हणून सुक्या बोंबलांची मागणी बुडत नाही, हे व्यवहारज्ञान त्यांना असल्यामुळे बोंबलांचे एक गाठोडे गोठ्याच्या आढ्याला टांगलेले असते, त्याकडे ते नाकाला उपरणे लावून पाहतात, आणि गावातील यच्चयावत मांजरे उपरण्यावाचून पाहतात. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेला लोक बैल पाहायला जातात. तात्या घोंगड्या चाचपायला जातात, आणि प्रलयानंतर थंडी पडेलच, या हिशेबाने दरवर्षी एक आणतात.

मालापेक्षाही त्यांचा जीव कोष्टकावर. दशमान पद्धती येऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी वडिलोपार्जित मापटी-चिपटी त्यांनी तेल लावून जपली आहेत, आणि एक चिपटे मीठ बरोबर अर्धी पायली वरी, पाच सुया बरोबर एक कोंबडी, अशी विनिमयाची पत्रके तीन प्रतींत तयार आहेत. तिसरी प्रत कोणासाठी, असे विचारले तर ते म्हणतात, "कचेरीला." कचेरीही बुडालेली असेल, हे त्यांना सुचवण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

वस्तुतः या मुलखाला मालाने चालणारा व्यवहार नवा नाही. सुतार-लोहाराला बलुते खळ्यावर मिळे. आणि आषाढात कणगी रिकामी झालेला ठाकूर किंवा कातकरी सावकाराकडून धान्य नेई, ते पिकावर वाढीदिढीने, म्हणजे सवाईने किंवा दीडपटीने, फेडी. माप मात्र नेहमी ओसरीवरच्याच्या हाती असे. तात्यांच्या कोष्टकात मीठ इतके महाग आणि वरी इतकी स्वस्त का, याचे उत्तर मला तेथे सापडते. त्यांना ते सापडलेले नाही, कारण ते स्वतः ओसरीवरच बसतात.

बाकी, प्रलयापूर्वीच प्रलय करणारा एक शत्रू त्यांना दरवर्षी भेटतो, तो म्हणजे पाऊस. माहुली गडावर ढग टेकले की मीठ पाझरू लागते, काड्या सादळतात, तंबाखूला बुरशी येते, आणि प्रलयकाली ज्यावाचून समाजाचे अडणार ते मीठ तूर्त फरशीवरून ओघळत काकूंच्या देवघरापर्यंत जाते.

2016 च्या 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तात्यांना कृतार्थ वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून, धूतवस्त्र नेसून, समोर मापे मांडून ते ओसरीवर बसले. दुपारपर्यंत कोणी फिरकले नाही. पुढे बँका उघडल्या तेव्हा रांगेत मला तात्याच दिसले. मिठाच्या दुसऱ्या पोत्याच्या तळाशी जपून ठेवलेली पाचशेच्या नोटांची एक दमट गड्डी त्यांच्या हातात होती. त्यावर 1 डिसेंबरला त्यांच्याच मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि दुकानादुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली, हा तर त्यांना व्यक्तिगत उपमर्द वाटला. "रोकड जाणार हे मी सांगतच होतो," ते म्हणाले, "पण तिच्या जागी मीठ यायचे, ते यंत्र कसे आले?"

मुंबईशी करावयाच्या तहाचा मसुदाही त्यांच्या दप्तरात आहे. तानसा 1892 पासून शहापूरचे पाणी मुंबईला पाजतो, पुढे भातसाही त्या सेवेत रुजू झाला, आणि धरणांच्या उशाला असलेल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. प्रलयानंतर एका हंड्याला एक घोंगडी, असा दर मुंबईकरांसाठी त्यात धरला आहे. मुंबईकरांकडे घोंगडी नसते हे खरे. पण तात्यांचे एवढे एक कलम मला तरी अन्याय्य वाटत नाही.

गेल्या मृगात एक ठाकरीण शेवळ्याच्या जुड्या घेऊन दारी आली. तात्यांनी संधी साधून तिच्यापुढे मिठाचे मापटे ठेवले.

"मीठ काय करू तात्या? घरात पुडा हाय. फोनवरनं टाका," असे म्हणून तिने पाटीला बांधलेला चौकटीचौकटींचा कागद पुढे केला.

"आणि फोनच बंद पडले तर?"

"मंग आमाला रान हाय. तुमचं काय?"

पैसे काकूंच्या फोनवरून गेले. काकूंना विनिमयाच्या शास्त्रात गती नाही, असा तात्यांचा समज होता. परवा पंचनामा करताना मात्र राखीव कापडांच्या गाठोड्यातील चार धोतरे आणि एक काळा कोट गैरहजर आढळला, आणि मिठाच्या पोत्याशेजारी झाकणाचा एक मोठा नवाकोरा स्टीलचा डबा हजर.

"बोहारणीला दिले," काकू म्हणाल्या. "मीठ ओघळत होते ना."

"घासाघीस केलीस?"

"तासभर. आधी ती पातेल्यावरच अडून बसली होती."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी डब्याचे झाकण दोनदा लावून काढून पाहिले, दप्तर सोडले, कीर्दीत डबा जमेस धरला, धोतरे खर्ची टाकली, आणि समासात शेरा मारला : 'दर वाजवी. कोष्टक त्याप्रमाणे दुरुस्त करावे.'