एक इंच म्हणजे पाच फूट

टेबलवाले तुमच्याही ओळखीत असणारच. खेळायचं कधी ते ठरलेलं नसतं, पण खेळाची मांडणी मात्र जगात कुठं झाली नसेल अशी पाहिजे असते. बेळगावजवळच्या आमच्या हिंडलग्यातला टेबलवाला परवा एका बारशाला आला आणि बाळाकडे ढुंकूनही न बघता पाळणा मोजू लागला. टेप कायम कमरेलाच. पाळणा चांगला तीन फुटांचा. हा म्हणाला, ‘‘अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्त भरतोय.’’ बाळाची आजी पाळण्यापाशी येऊन उभी राहिली, ती हा जेवायला बसेपर्यंत हलली नाही.

त्याच्या जगात एक इंच म्हणजे पाच फूट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटामधला डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. नकाशावर एक-एक इंचाचे चौकोन, एक चौकोन म्हणजे पाच फूट, त्यात एक शिपाई उभा. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर हा खेळ जगभर चालतो. आमच्या टेबलवाल्याचं एवढ्यावर भागत नाही. नकाशा हलता पाहिजे, भुयारात अंधार पाहिजे, आणि शिपाई पुढं सरकेल तसा तो उजळला पाहिजे. म्हणून मग टेबलातच टीव्ही.

टीव्ही 43 इंची. मिस्त्रीला बोलावून यानं सगळं समजावलं. मिस्त्रीनं पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, ‘‘साहेब, टीव्ही झोपवला तर बघणार कुठनं? आढ्याला लटकून?’’ तरी चौकट झाली, सागवानी. मग कळलं, की टीव्ही उभा राहायला जन्मलेला असतो; उताणा ठेवला की पाठीची उष्णता आतच कोंडते. म्हणून खाली दोन बोटं फट आणि कॉम्प्युटरचे दोन पंखे. त्यांच्या घरघरीत राक्षसाची डरकाळी ऐकू येईना. वर जाड काच बसवली, तर तिरकं बघणाऱ्याला शिपाई शेजारच्या चौकोनात दिसू लागला. ‘‘मी राक्षसाच्या तावडीत नाहीच!’’ ‘‘आहेस की, माझ्या बाजूला येऊन बघ!’’ यात एक आख्खी संध्याकाळ गेली. आणि या पडद्याच्या एका इंचात साधारण 51 ठिपके बसतात. बरोबर 51 बसत नाहीत, वर थोडं उरतं. त्या उरलेल्यानं त्याची झोप उडवली. पावसाळ्यात खणाची प्लाय फुगली, ती दिवाळीपर्यंत उघडली नाही. फासे त्या खणात होते.

नकाशा ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव ‘फाउंड्री’. एकदा रात्री हा गॅलरीतून ओरडला, ‘‘फाउंड्री बंद पडली!’’ शेजारचे काका उद्यमबागेत ओतकामावर आहेत. ते शर्टाची बटणं लावत बाहेर आले, ‘‘कुठली रे? आमची तर नव्हं?’’

पण वैताग टेबलाचा नाही, त्या इंचाचा आहे. गणपतीच्या देवळात रांगेत उभा राहिला की सांगणार, ‘‘अजून आठ इंच.’’ गावात ब्रिटिशांच्या वेळचा खराखुरा तुरुंग आहे, पण हा घरात वेगळं भुयार खणतोय. आणि तुरुंगावरनं जाताना भिंतीकडे बघून म्हणतो, ‘‘उंची चार इंच धरू या?’’ बायकोनं हॉल लहान पडतोय म्हटलं, तर हिशोब तयार: बारा बाय दहा म्हणजे अडीच इंचसुद्धा नाही, तक्रार रास्त आहे. आणि त्याच हॉलच्या मधोमध टेबल.

एकदाच त्याच्या इंचानं मला गप्प केलं. आमच्याकडे 1956 पासून नकाशाचंच भांडण आहे: बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं. महाजन आयोग येऊन गेला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. टीव्हीवर कोणी पुढारी ‘एक इंचही जमीन देणार नाही’ म्हणून गरजत होता. हा स्क्रू आवळता आवळता म्हणाला, ‘‘एक इंच म्हणजे एक माणूस उभा राहील एवढीच की जागा. तेवढी पण देणार नाहीत म्हण.’’ आणि पुन्हा स्क्रूला लागला. आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याच्या आईचं मत वेगळं. ‘‘आमचा सारीपाट कापडाचा होता. खेळून झालं की गुंडाळून ट्रंकेत. त्याला वीज लागत नव्हती,’’ त्या म्हणतात, आणि थोडं थांबून, ‘‘माणसं मात्र लागायची.’’

टेबलाच्या कडेला चहाच्या ग्लासासाठी सहा खळगे आहेत. त्यानं कॅन्टीनमधून कटिंगचा ग्लास आणून, त्याच्या बुडाच्या मापानं, पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून ते स्वतः घासलेत. हात फिरवला तर कुठंही कुस लागत नाही. सहा, कारण कॉलेजात ते सहा जण होते. आता दोघं बेंगळुरूला, दोघं पुण्याला, एक दुबईत. बेंगळुरू पाचशे किलोमीटर. त्याच्या मापानं काढलं तर सव्वाआठ किलोमीटरहून जरा लांबच टेबल लागेल, हिंडलग्यातून निघून बेळगाव ओलांडून जाणारं. हा हिशोब त्यानंच मला सांगितला, हसत.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी टेबल चांगलं चालत होतं; मी स्वतः बघितलंय. मग यानं काच पातळ हवी म्हणून ते सगळं उघडून टाकलं. टेबल तयार झालं की मित्रांना बोलवावं लागतं. बोलावलं की ‘बघतो रे, सुट्टीचं अवघड आहे’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा काच दोन मिलिमीटरनं जाड असलेली बरी. काचेला दोष देता येतो, आणि दिवाळी पुढच्या वर्षी पण असते.

परवा रात्री त्याचा फोन आला. ‘‘रविवारी काय करूलालास?’’

मी सावधपणे विचारलं, ‘‘का? टेबल झालं काय?’’

‘‘टेबलाचं सोड की. गल्लीतली तीन पोरं येतो म्हणालीत, टीव्हीच्या खोक्यावरच चौकोन आखूया म्हणतात. तू धरून चार. येतोस काय सांग.’’

येतो म्हणालो. खोक्यावर नेमके इंचाचे चौकोन पडेपर्यंत सोमवार उजाडणार, हे मला ठाऊक आहे. जेवण उरकूनच जाईन.