आम्हाला कोण सांभाळणार?

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचं पोरगं सकाळी पाळणाघरातून शाळेत जातं आणि शाळेतून परत पाळणाघरात. तिथल्या पावतीवर 'खाऊ, गृहपाठ, व्यक्तिमत्त्व विकास' असं छापलेलं असतं. आमच्या वाटूरला ही तिन्ही कामं ओट्यावर बसलेली आजी करते आणि पावती देत नाही.

निदान आमचा समज तरी असा होता. यंदा इथला नातू पाचवीत गेला, त्याला नवोदयच्या क्लासला घातलं, आणि इतकी वर्षं संध्याकाळी नेमकं कोण कोणाला सांभाळत होतं ते उघडं पडलं. सुईत दोरा घालणारा गेला. डोळ्यांत औषधाचे थेंब सोडणारा गेला. पीएम किसानचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला, की बँकेच्या नावाखाली कोणी चोर ओटीपी मागतोय, हे सांगणाराही गेला. आता फोन वाजला की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

सगळ्यात अडलं ते ई-पीक पाहणीचं. तलाठ्यानं करायची पाहणी सरकारनं 2021 पासून शेतकऱ्याच्याच मोबाईलवर दिली, म्हणजे आमच्या घरात नातवाकडे दिली. गेल्या साली तो दप्तर टाकून माझ्याबरोबर रानात आला होता.

"आबा, मागं सरका. तुम्ही गटाच्या बाहेर दिसायलेत."

"अरे, चाळीस वर्षं इथंच उभा आहे मी!"

"ॲपला माहीत नाही ते."

मी निमूट सोयाबीनमध्ये शिरलो. फोटोत सोयाबीन कमी आणि माझं धोतर जास्त आलं, तर त्यानं मला बाहेर काढून पुन्हा फोटो घेतला. यंदा मी एकटाच गेलो. ॲपनं मला माझ्याच वावरात शिरू दिलं नाही.

क्लासच्या सरांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांना म्हणालो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली होती. पोरं गुरं राखायला गेली तर शाळाच त्यांच्यामागं कुरणात गेली. तुमचा क्लास निदान आमच्या ओट्यावर आणा. सर म्हणाले, "आबा, ओट्यावर पोरांचं लक्ष लागत नाही." खरं होतं. तिथं आमचंच लागत नाही.

सरांचंही चुकत नाही म्हणा. परीक्षेत दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवायचे, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे. पोरगं त्यातच बुडालंय. परवा आजीनं अंगणात घातलेल्या रांगोळीकडे बघून म्हणालं, "आजी, तिसरी आकृती विसंगत आहे." आजीनं त्याला विसंगत असा एक धपाटा दिला.

तरी आमचं दुखणं हौसेचं. आमच्या भागात दिवाळीनंतर कितीतरी घरांतली माणसं ऊसतोडीला कारखान्याकडे निघतात. पोरांची शाळा बुडू नये म्हणून ती आजीआजोबांजवळ ठेवायची आणि त्यांच्या जेवणाखाण्यासाठी हंगामी वसतिगृह चालवायचं, अशी सरकारी सोय आहे. त्या घरांत संध्याकाळी सातवीतली पोरगी चूल पेटवते, धाकट्याचा अभ्यास घेते आणि आजीला बीपीची गोळीही देते. तिच्या व्यक्तिमत्त्व विकासाचं प्रमाणपत्र द्यायला अजून कोणी आलेलं नाही.

सून मात्र माझी समजूत काढते. "आबा, एवढं वर्ष दम धरा. एकदा नवोदयला लागला की चिंता मिटली."

"मग संध्याकाळी मोकळा राहील?"

"मोकळा कुठला? निवासी शाळा आहे ती. बारावीपर्यंत तिथंच राहायचं."

शाळा जवळच, आमच्याच परतूर तालुक्यात आंब्याला आहे. पण जवळ असली म्हणून तिथला पोरगा रोज संध्याकाळी ओटीपी वाचायला थोडाच येणार! एका वर्षाच्या क्लाससाठी कुरकुर करणाऱ्या आम्हा दोघांना हा सात वर्षांचा हिशेब कोणी सांगितलाच नव्हता.

त्या रात्री आजी देवापुढे बराच वेळ बसली. एवढी हुशार बाई, नातवाचं वाईट कसं चिंतील? उठल्यावर मी विचारलं, काय मागितलंस?

"काय मागणार? पोराचं यादीत नाव येऊ दे म्हणलं."

"बरं केलंस."

"वेटिंगच्या."