सव्वा सेकंदाचे मानकरी

प्रति,
संकलक महोदय,



खासगीत धाडलेल्या निरोपांवर आपल्या निळ्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. राग मानू नये. मानलाच तर तीन मिनिटं अकरा सेकंद मानावा, त्याहून कमी नको. हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो.

आधी कौतुक. काशीच्या पंचगंगा घाटावरचा कार्तिक आणि तिथे मराठी माणसांचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं येणंजाणं, हा आमच्या माहितीपटाचा विषय. तो आपण छान बांधलात. बिंदुमाधवाचं देऊळ, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ, त्यावर एकेक करून लागणारे दिवे, सगळं जिथल्या तिथे. पहाटेच्या धुक्याचा शॉट तर साडेतीन मिनिटं चालतो. धुकं, मग जराशी नाव, मग पुन्हा धुकं, मागे बासरी. आमचे खजिनदार त्यात दोनदा पेंगले आणि दोनदा जागे झाले. धुकं जागचं हललं नव्हतं. कलात्मक असणार, आम्हाला काय कळतंय!

मग माहितीपट संपला आणि नावं आली. आली म्हणजे गेली.

तीनशे ओळी होत्या हो त्या श्रेयनामावलीत. यादी मीच केली आहे. कोणाच्या नावाआधी वेदमूर्ती लावायचं, कोणाला नुसतं श्री. चालेल, कोणाच्या वडिलांचं नाव चुकलं तर पुढची वर्गणी बुडेल, हे सगळं फोन करकरून ठरवलेलं. ती यादी खालून वर जायला आपण वीस सेकंद मंजूर केलेत. हिशेब मांडतो, कारण आपल्या धंद्यात भावनेपेक्षा फ्रेमला मान आहे. पडद्याची उंची १०८० पिक्सेल. वरखालच्या मोकळ्या जागेसकट एका ओळीला ६० पिक्सेल. सेकंदाला २५ फ्रेम. आपल्या कृपेने यादी फ्रेममागे सुमारे ३५ पिक्सेल उडत होती. एखादं नाव पडद्याच्या तळाशी उगवून माथ्याशी मावळेपर्यंत सव्वा सेकंद लागतो, आणि त्या सव्वा सेकंदात पडद्यावर एकूण अठरा ओळी असतात. अर्जुनालाही एका वेळी एकच डोळा दिसत होता.

हीच यादी फ्रेममागे चार पिक्सेलने सरकवली असती, तर प्रत्येक नाव पावणेअकरा सेकंद दिसलं असतं आणि सगळा मामला तीन मिनिटं अकरा सेकंदांत आटोपला असता. धुक्यापेक्षा एकोणीस सेकंद कमी.

हे घडलं कसं, याचा शोध मी आपल्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडून लावला. (त्याला रागावू नका, त्याने चहासुद्धा माझ्याकडून घेतला नाही.) शीर्षकाच्या खिडकीत 'रोल'च्या चौकटीत टिचकी मारली की सॉफ्टवेअर वेग विचारतच नाही. टाइमलाइनवर क्लिप जेवढी लांब, तेवढ्या वेळात ते अख्खी यादी खालून वर नेतं. क्लिप ओढून लांबवली की नावं सावकाश चालतात, आखडली की पळत सुटतात. माहितीपट साठ मिनिटांत बसवायचा होता. धुक्याला हात लावायचा नव्हता. मग जे शेवटी होतं, मुकं होतं आणि ज्याच्या बाजूने बोलायला खोलीत कोणी नव्हतं, त्याचं टोक माउसने धरून आपण डावीकडे ढकललंत. शेवटच्या पंगतीला जिलबीचं ताट नुसतं नाकासमोरून फिरवून न्यावं, तसं.

बरं, पळाली ती पळाली, निदान सगळी तरी पळाली का? मी चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं. २७३वी ओळ नीट होती. २७४व्या ओळीच्या जागी वेलांट्यांचे शेंडे तेवढे दिसले, त्याखाली काळोख. पुढची नावं गेली कुठे? याचंही उत्तर आहे. पुष्कळ ग्राफिक्स कार्डांना एका चित्राची उंची १६,३८४ पिक्सेलपर्यंतच झेपते. सगळा मजकूर एकाच पेटीत ओतला की त्याचं एकच लांबलचक चित्र बनतं. तीनशे ओळींचं चित्र १८,००० पिक्सेलचं. मर्यादेबाहेरचं सगळं कापलं जातं. यंत्र ओरडत नाही, लाल दिवा लावत नाही. शेवट एकदा बघून घेणं एवढाच त्यावर उपाय असतो, आणि तो आपण आपल्या प्रतिष्ठेला शोभणारा मानला नाहीत.

कापले गेलेले ते सव्वीस-सत्तावीस कोण, हे सांगितलंच पाहिजे. देणगीदार नव्हेत, ते वर होते, ते सव्वा सेकंदात का होईना, पण स्वर्गाला गेले. कापली गेली ती घाटावरची माणसं. पहाटे तीनला आपला ट्रायपॉड डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरणारे नावाडी. हजाऱ्यावर चढून तेल-वात करणारी पोरं. आणि आकाशदिव्यांची मंडळी. आपण तिथे होतात, पण हेडफोन लावून होतात, म्हणून सांगतो: कार्तिकात या घाटावर उंच बांबू उभे करतात, टोकाशी कप्पी असते, दिवा बांबूच्या विणीच्या टोपलीत ठेवून दोरीने वर चढवतात. दोरी हातभर हातभर ओढायची. हिसका बसला तर तेल सांडतं, घाई केली तर वाऱ्याने दिवा जातो. आपल्याच माहितीपटात तो शॉट आहे, चाळीस सेकंदांचा, अगदी जवळून: जाड पेर, दोरीने गुळगुळीत झालेला तळवा, मधेच थांबून टोपली स्थिर होऊ देणारं मनगट. फार सुंदर. त्या मनगटाच्या मालकाचं नाव २८१व्या ओळीवर होतं. वेग म्हणजे काय हे त्या अख्ख्या चमूत ज्या एका माणसाला कळत होतं, त्याचंच नाव आपल्या वेगाने खाल्लं.

एक नाव मात्र पळालं नाही, कापलंही गेलं नाही. यादी संपल्यावर काळ्या पडद्यावर, मधोमध, एकट्याने, पूर्ण पाच सेकंद उभं: संकलन. वाचायला अजिबात त्रास झाला नाही. धन्यवाद.

वाचता आलेल्या नावांचीही कथा ऐका. रोमन लिपीसाठी मांडलेल्या पेटीत आपण देवनागरी ओतलीत. तिथे मजकूर जुळवणीचा एक पर्याय असतो, दक्षिण आशियाई लिप्यांचा. तो निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर लटकते आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी बसतात. बिंदुमाधवाची वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडली. १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे काशीचे गागाभट्ट आपल्या संशोधन-आधाराच्या ओळीत दोन तुकड्यांत सापडले. वर अक्षरांना कापरं. पिक्सेल अपूर्णांकात सरकले की बारीक आडव्या रेघा लुकलुकतात. रोमन अक्षरांत अशा रेघा तुरळक. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून एक सलग जाते. म्हणून मराठी श्रेयनामावली फ्रेममागे पुऱ्या पिक्सेलनेच सरकवावी लागते: तीन नाहीतर चार, साडेतीन नाही.

आता आपला बचाव. तो आपण शेजारच्या टेबलाकडून कळवलात: "शेवटची नावं वाचतंय कोण?"

ज्याचं नाव असतं तो वाचतो. त्याची बायको वाचते, त्याचा पोरगा मोबाइलवर चित्र थांबवून आजीला दाखवतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल आहे, आणि ओव्या उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंद बाबांचं नावही आहे. तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर हाताने लिहिणाऱ्याला जागा ठेवायला ज्ञानेश्वर नावाच्या पोराला सुचलं. त्याच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं. एकनाथांनी भागवत पूर्ण केलं ते काशीतच, शके १४९५च्या, म्हणजे १५७३च्या कार्तिक पौर्णिमेला. स्थळ, संवत्सर, तिथी, सगळं त्यांनी ग्रंथाअखेर स्वच्छ नोंदवलं. आपण ज्या पौर्णिमेचे दिवे टिपलेत तीच ही तिथी. नाथांची नोंद साडेचारशे वर्षांनीही वाचता येते. आपली आठवड्यात गेली.

आणि दादासाहेब फाळके आपल्या धंद्याचे मूळपुरुष, म्हणून त्यांचंही सांगतो. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये बोलणं नव्हतं, हिंदी-इंग्रजी पाट्या होत्या. ज्याला अक्षरं येत तो न येणाऱ्याला वाचून दाखवी, आणि पाटी तोवर टिकावी लागे. पुढे त्यांच्या चित्रपट कंपनीत बिनसलं तेव्हा हे गृहस्थ कुटुंबकबिला घेऊन काशीला येऊन राहिले आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी तिथे लिहिलं. रुसायचं तर असं काहीतरी हाती घेऊन रुसावं. निळ्या खुणा करून नव्हे.

घाटावर बसलात तर पंडितराज जगन्नाथाची गोष्टही ऐकली असती. गंगालहरीचा एक श्लोक झाला की गंगा एक पायरी चढायची; बावन्न श्लोक, बावन्न पायऱ्या, मग तिने त्याला पोटात घेतलं. दंतकथा आहे, पण ती रचणाऱ्याला सरकत्या मजकुराचं गणित ठाऊक होतं. गंगा बावन्न पायऱ्या वीस सेकंदांत चढली असती तर त्याला पूर म्हणतात आणि तलाठी पंचनाम्याला येतो.

तेव्हा असं करावं. यादीचे चार तुकडे पाडावेत, पंचाहत्तर ओळींचा एकेक, म्हणजे साडेचार हजार पिक्सेलच्या पुढे कुठलंच चित्र जाणार नाही. तुकडे एकाखाली एक लावून सगळ्यांना एकच वेग द्यावा, फ्रेममागे चार पिक्सेल. सांधा दिसणार नाही. लिपीचा पर्याय आधी निवडावा, मग मजकूर ओतावा. जागा धुक्यातून काढावी. खजिनदारांची लेखी हरकत नाही, उलट लेखी विनंती आहे.

सुधारलेली यादी सोबत धाडली आहे. त्यात एक बदल केलाय: घाटावरची माणसं सर्वांत वर घेतली आणि देणगीदार खाली नेले. त्यांनी आधी कुरकुर केली, मग २७४व्या ओळीचं चित्र दाखवल्यावर गप्प झाले. आपलं नाव काळ्या पडद्यावरून उतरवून अकारविल्हे आपल्या जागी बसवलं आहे, नावाडी आणि तेलवाले यांच्या नंतर, माझ्या अगोदर. पावणेअकरा सेकंद मिळतील. आधीच्या दुप्पट झाले.

आपला,
यादी करणारा

ता. क. नवी प्रत पाठवाल तेव्हा शेवटपर्यंत बघून पाठवा. चहा मी आणतो.