ठाण्यात हिम कधी पडतं?

वालाला मोड आणणं ही आमच्या घरात कौशल्याची बाबच नाही. सासूबाई रात्री वाल भिजत घालतात, सकाळी उपसून पंचाच्या तुकड्यात करकचून बांधतात, गाठोड्यावर खलबत्ता ठेवतात आणि विसरून जातात. गाठ सोडली की दाण्यादाण्याला पांढरं शेपूट. एखादा गणंग निघालाच, तर त्याला बाजूला काढून त्याच्या खानदानाविषयी दोन शब्द बोलतात. मग वाल कोमट पाण्यात सोडायचे आणि सोलत बसायचं. सोबत समोर हजर नसलेले नातेवाईकही सोलून होतात.

तेच वाल, त्याच डब्यातले, कुंडीत पुरले की सरकारी फाइलीसारखे दबून बसतात.

हा शोध आमच्या ह्यांनी लावला. गच्चीत शेंगभाज्या करायच्या, हे त्यांनी ऐन उन्हाळ्यात जाहीर केलं आणि मोबाइलवर परदेशी बागवानांचे व्हिडिओ पाहायला बसले. त्यातला प्रत्येक जण सांगत होता, की शेवटचं हिम पडून गेल्याशिवाय घेवड्याचं बी मातीत घालू नका.

"आई, ठाण्यात शेवटचं हिम कधी पडलं?"

"गेल्या रविवारी. फ्रीज बंद करून मीच खरवडलं."

सासूबाई अलिबागकडच्या. त्यांच्या माहेरी भात कापला, की शेतातल्या उरल्या ओलीवर वाल टाकतात. वर पाण्याचा थेंब न देता पौष-माघात शेंगा तयार. त्यामुळे बियांच्या ट्रेखाली घालायची विजेवरची गरम चटई मागवायचा बेत त्यांनी ऐकला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या पंख्याचं बटण पाचवर नेऊन आल्या.

खरं तर घेवड्याच्या कुळाला थंड माती सोसत नाही, एवढाच त्या हिमाचा मतलब. माती १५-१६ अंशांच्या खाली गेली, की बी उगवण्याऐवजी कुजतं. आपल्या कोकणपट्टीत ती धास्ती नाही. इथे बियाण्याचा जीव घेतो तो माणसाच्या हातातला तांब्या. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, ऑफिसला जाताना जाता जाता पाणी. फडक्यातल्या दाण्याला ओल मिळते तशी हवाही मिळते. कुंडीत त्याला जलसमाधी. वर रोज बोटाने उकरून चौकशी, "आलं का रे बाहेर?" अशाने कोण बाहेर येईल?

महिन्यांचंही गणित आहे. फरसबी जून-जुलैत लावावी, नाहीतर पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्याच्या काहिलीत तिची फुलं गळून जातात. वेलाचा गावठी वाल तर दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो मार्चमध्ये लावला. वेल ग्रिलवरून चढून आमच्या खिडकीत आला, पानं फर्स्ट क्लास, शेंगेचा पत्ता नाही. काकूंनी दृष्ट काढली, खत बदललं, शेवटी आमच्याकडे संशयाने पाहू लागल्या. ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' आहे. तो बुटका, आणि दिवस लहान की मोठा याची फिकीर न करणारा.

ह्यांनी मग बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं जिवाणूखत आणलं. पाकीट २५० ग्रॅमचं, १० किलो बियाण्याला पुरेल असं. आमचं बियाणं मूठभर. उरलेलं सोसायटीत वाटू म्हणाले, पण वाटीभर काळी पूड घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला चहा विचारण्यापलीकडे कोणी गेलं नाही.

अखेर मृगाच्या तोंडावर सासूबाईंनी पदर खोचला. मुळांना हलवाहलव चालत नाही म्हणून अंड्यांच्या ट्रेमधली रोपवाटिका बाद. थेट मोठ्या कुंडीत. माती आधी भिजवून निथळू दिली, दाणे अंगठ्याच्या पेराएवढे खोल सारले आणि तांब्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. आठवडाभरात मातीला भेग पडली. भेगेतून आधी वाकलेली मान दिसते, डोकं अजून खालीच. मग एक हिसका देऊन ती सरळ होते आणि दोन जाड दलं वर ओढून घेते, एका दलावर सालीची फाटकी टोपी अजून तशीच. या घडीला कबुतरं टपलेली असतात. त्यांच्या लेखी ती सोललेली डाळिंबीच. म्हणून कुंडीवर जुनी चाळण उपडी घालावी.

वेलाला दोरी दिल्यावर ह्यांनी तो आपल्या सोयीने गुंडाळला. सकाळी सुटलेला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. घेवडा आणि वाल वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनेच वळतात. "त्याला कळतं कुठे जायचं ते," सासूबाई म्हणाल्या. हा टोला नक्की कोणाला होता, ते मी विचारलं नाही.

तर मंडळी, पहिला पाऊस मुरला की पेरा, कबुतरांच्या वाट्याचे दोन दाणे जास्त घाला आणि तांब्या आवरा. जानेवारीत शेंगा धरल्या, तर त्या मडक्यात भाजायला, म्हणजे पोपटीला, आम्हाला जरूर बोलवा. मडकं आणि भांबुर्डीचा पाला आमच्याकडून.