किती चालली?

सातारा ते शिरवळ साठेक किलोमीटर. पुण्याला निघालेल्या माणसाच्या लेखी हे अंतरच नव्हे. तो शिरवळला चहाला थांबतो आणि "आलंच आता पुणं" म्हणतो. पण रोज सकाळी शिरवळ गाठायचे आणि रोज संध्याकाळी साताऱ्याला परतायचे असे नशिबी आले की तोच रस्ता लांबू लागतो. माझी बदली शिरवळच्या कारखान्यात झाली तेव्हा घर हलवायचे नाही, हे आमच्याकडे चर्चा न होताच ठरले. आईला सातारा सोडवत नव्हता, मुलांची शाळा होती, बायकोची नोकरी होती. घरात हलवता येण्याजोगी वस्तू मी एकटाच निघालो.

साताऱ्याहून स्वारगेटला एसटीच्या विनाथांबा गाड्या सुटतात. त्या कुठेही थांबत नाहीत हा त्यांचा गुण, आणि या 'कुठेही'त शिरवळही येते ही माझी अडचण. थांबणाऱ्या गाड्या थांबतात, पण मग सगळीकडेच थांबतात. कंपनीची बस होती, ती पुण्याच्या बाजूने येणारी. कारखाना सातारा जिल्ह्यात असला तरी साहेब मंडळी पुण्यात राहतात. मोटारसायकलचा विचार ऊस वाहणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमागून एकदा रात्री आल्यावर आपोआप मावळला. राहता राहिली गाडी. नवी गाडी हप्ता ऐकताना परवडते, पगार हातात आल्यावर परवडत नाही. तेव्हा जुनीच घ्यायची, साडेतीन लाखांपर्यंत. मेव्हण्याच्या मते चारपर्यंत जायला हरकत नव्हती, कारण पैसे त्याचे नव्हते.

रोजचे एकशेवीस, म्हणजे महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे तीस-पस्तीस हजार किलोमीटर. एवढे पळायचे असेल तर खरी गाडी पंपावर विकत घ्यावी लागते, थोडी थोडी, रोज. पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास. पेट्रोलची गाडी दोनेक वर्षांत स्वतःच्या किमतीएवढे पेट्रोल पिऊन मोकळी होते. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे असण्याची दाट शक्यता असल्याने त्याबद्दल वाईट बोलू नये, असा साताऱ्यात अलिखित नियम आहे. जुन्या गाडीचे अॅव्हरेज त्याने थोडे उतरते, एवढेच बोलून थांबतो. सीएनजी सगळ्यांत स्वस्त. पण डिकीत टाकी, त्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी, आणि पंपावर रिक्षांच्या रांगेत दिवसाढवळ्या घालवलेली झोप. पैसे वाचतात, पण त्या रांगेत उभे राहायला कोणीतरी घरातले पाठवावे लागते.

म्हणून डिझेल. डिझेल म्हटले की आमच्या पिढीला एक गंमत आठवते. एके काळी मारुतीची स्विफ्ट, टाटांची व्हिस्टा आणि फियाटची पुंटो या तिन्ही गाड्यांचे बॉनेट उघडले की आत तेच १२४८ सीसीचे, मुळात फियाटचे इंजिन निघायचे. आपल्या रांजणगावातही ते बनत असे. कट्ट्यावर 'मारुती की टाटा' म्हणून जे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले, ते वर्षानुवर्षे एकाच इंजिनाची बाजू घेऊन भांडत होते. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, मारुतीने डिझेल सोडलेच, आणि लहान डिझेल गाड्या हळूहळू बाजारातून जवळजवळ गेल्या. आता हवी असेल तर बहुधा जुनीच घ्यावी लागते. माझ्या ऐपतीला असे ऐतिहासिक कारण मिळाले.

दुसरी अट मी स्वतःच घातली : २०१९च्या अलीकडची गाडी. त्या वर्षी एबीएस सक्तीचे झाले, आणि जुलैपासून चालकाच्या समोर एअरबॅगही. त्याच नियमाने गाडीला वेगाची सूचना देणारी पिपाणी आली. ८०च्या वर गेलात की ती मधूनमधून वाजते, १२०च्या वर अखंड. विकणारे ही पिपाणी दोष म्हणून सांगतात. "दोनशे रुपयांत बंद करून देतो," असेही एक जण प्रेमाने म्हणाला.

या दोन चाळण्यांतून जे खाली पडते त्यात 'कंपनी गेली' या जातीच्या गाड्या पुष्कळ असतात. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करण्याची घोषणा केली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या चांगल्या गाड्यांचीही किंमत उतरली. आमच्या खात्यात एक फोर्डवाला आहे. तो कुणाशीही बोलताना आधी दार लावून दाखवतो. "आवाज ऐका. असा आवाज ऐकलाय कुठे?" आवाज खरोखर चांगला आहे. गाडी घाटात रस्त्याला चिकटून वळते हेही खरे. फक्त मागे एकदा कुणीतरी त्याचा हेडलाइट फोडला, तेव्हा नवा मिळेपर्यंत तो अंधार पडायच्या आत घरी जात असे आणि साहेबांना ते कारण पटवून देणे अवघड गेले. महामार्गावर रोज जाणाऱ्याला सुटा भाग आज संध्याकाळी मिळायला हवा, तोही साताऱ्यात. मी फोर्ड नाकारली, त्याने माझ्याशी बोलणे कमी केले.

बाजारात थोडे फिरल्यावर कळले की महाराष्ट्रात विकायला निघालेल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. उरलेल्यांत काही 'लेडीज ड्रिव्हन', काही 'मिलिटरीवाल्याची', आणि बाकीच्या 'आपली घरचीच समजा'. एवढ्या गाड्या वापरायच्या तर डॉक्टर पेशंट कधी तपासतात, हा प्रश्न एजंटाला विचारला, तर तो म्हणाला, "म्हणूनच तर कमी चालल्यात ना सर." डॉक्टर हळू चालवतात, वेळेवर सर्व्हिसिंग करतात आणि वस्तूची काळजी घेतात, असे यात गृहीत धरलेले असते. माझ्या ओळखीत डॉक्टर आहेत. मी गप्प बसलो.

पण ते गृहीत खरे धरले तरी ही डॉक्टरांची गाडी दिवसभर करते काय? घर ते दवाखाना चारेक किलोमीटर. सकाळी जाणे, दुपारी जेवायला येणे, संध्याकाळी पुन्हा जाणे, रात्री परत. इंजिन तापायच्या आत बंद. तेलातली ओल उडून जायला जेवढी उष्णता लागते तेवढी त्या तेलाला वर्षानुवर्षे मिळत नाही. बॅटरी भरत नाही. क्लच मात्र प्रत्येक चौकात, प्रत्येक स्पीडब्रेकरला दाबला जातो. पाच वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर, आणि एकही धड किलोमीटर नाही. उलट महामार्गावर टॉप गिअरला एका लयीत गेलेले शंभर किलोमीटर क्लचच्या गावीही नसतात. लोक मात्र आकडा बघतात. "किती चालली?" हा पहिला प्रश्न. कुठे चालली, हे कुणी विचारत नाही.

आणि तो आकडा तरी काय खरा असतो? मिस्त्रीला बरोबर घेऊन गेलो तेव्हा हे शिक्षण सुरू झाले. आमचा मिस्त्री मितभाषी. तो गाडीभोवती प्रदक्षिणा घालत नाही, टायरला लाथ मारत नाही, 'पेंट ओरिजिनल आहे का' असेही विचारत नाही. खिशातून लहानसा टॉर्च काढतो आणि थेट चालकाच्या पायाखाली मारतो. एका चकचकीत पांढऱ्या गाडीचे मीटर पंचेचाळीस हजार दाखवत होते. टॉर्चच्या उजेडात क्लचच्या पेडलचे रबर दिसले : त्यावरच्या रेघा डाव्या कोपऱ्यात जेमतेम शिल्लक, बाकी सगळे तळहातासारखे गुळगुळीत, आणि खालच्या काठाला तर आतले लोखंड डोकावत होते. "पंचेचाळीस हजारात?" मी विचारले. मिस्त्री काही बोलला नाही. त्याने टॉर्च टायरवर नेला. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर गाडीच्या वयापेक्षा बरेच लहान निघाले. पंचेचाळीस हजारांत चारही टायर बदलून होत नाहीत सहसा. मग इंजिन चालू ठेवून त्याने तेल ओतायच्या तोंडाचे झाकण उघडले. आतून धुराचे भपकारे यायला लागले. "बॅक कॉम्प्रेशन मारतीय," तो म्हणाला, आणि झाकण इतक्या हळुवारपणे परत लावले की विकणाऱ्याला धीर यावा. ती गाडीही डॉक्टरांचीच होती. डॉक्टरांना बहुधा माहीत नसावे.

अखेरीस जी घेतली तिच्या मीटरवर १ लाख १८ हजार होते, आणि तसे विकणाराच फोनवर पहिल्या वाक्यात म्हणाला. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. नाव घेतले की लोक गाडीविषयी बोलू लागतात आणि माणूस राहून जातो. हा माणूस एमआर होता, डॉक्टरांना औषधे समजावून सांगत सातारा, फलटण, कराड, सांगली असा हिंडणारा. म्हणजे डॉक्टरांची गाडी शोधता शोधता मी डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्याच्या गाडीपाशी येऊन पोचलो. त्याच्याकडे प्रत्येक दहा हजारांच्या सर्व्हिसिंगचे बिल फायलीत लावलेले होते. त्याहून मोलाची चीज ग्लोव्ह बॉक्समध्ये होती : एक लांबोडकी डायरी, औषध कंपनीनेच दिलेली, आणि तिच्यात प्रत्येक वेळी भरलेल्या डिझेलची नोंद. तारीख, मीटर, लिटर, गाव. मधूनच शेऱ्यात 'डॉ. भेटले नाहीत'. एका पानावर सलग तीन वेळा फलटण आणि तिन्ही वेळा तोच शेरा. एवढे हेलपाटे घालूनही ज्याने अॅव्हरेज काढायचे सोडले नाही, त्याने इंजिन ऑइल चुकवले असेल असे वाटेना.

मिस्त्रीने तरी टॉर्च मारलाच. पेडलचे रबर झिजलेले होते, पण जेवढे झिजायला हवे तेवढेच. "गाडी चालून खराब होत नाही साहेब, उभी राहून होते," एवढे दीर्घ भाषण त्याने प्रथमच केले.

परीक्षा घाटात घ्यायची असे मी ठरवले होते. बहुतेक विकणारे गल्लीला एक चक्कर मारू देतात आणि सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गुणी असते. शिरवळला जाताना जुना बोगदा लागतो, तिथे काही कळत नाही. खरी परतीची वाट, ती तेव्हा खंबाटकी घाट चढूनच होती. एमआर कुरकुर न करता शेजारी बसला. एसी चालू, पुढे लोखंडाच्या कॉइल लादलेला ट्रेलर, त्याच्या मागे दुसऱ्या गिअरात सरपटत जाणे, जागा मिळताच तिसरा टाकून बाहेर पडणे. तापमानाचा काटा निम्म्यावर जो बसला तो घाट संपेपर्यंत हलला नाही. एमआरच्या चेहऱ्यावर मुलगा पाठ केलेली कविता न अडखळता म्हणतोय असा भाव होता. सौदा तीन लाख सत्तर हजारांना ठरला. मेव्हण्याने 'मी म्हणालो नव्हतो का' असे पाहिले.

कागदपत्रांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, पण एक सांगतो. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो, कारण उतरवून घ्यायला कुणी गेलेले नसते. तो आधी उतरवून घ्यावा, मग पैसे द्यावेत. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला अर्ज चौदा दिवसांत. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुना मालक घेऊन जातो. हे ऐकून मला उगाचच वाईट वाटले होते. फास्टॅगचा वार्षिक पास काढला, तेव्हा ३००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. आनेवाडीचा नाका माझ्यासाठी रोज दोन फेऱ्या खातो, तेव्हा हे वर्ष साधारण चार महिन्यांचे असते. कराडहून येणाऱ्या सहकाऱ्याला तासवडेही लागते. त्याचे वर्ष दोन महिन्यांत पुरे होते आणि तो दर वेळी आम्हाला चहा पाजतो. फेरी पंधराएक रुपयांत पडते, म्हणून तक्रार नाही.

नातेवाइकांना गाडी आवडली. आतून स्वच्छ, रंग शांत, आईच्या मते नंबरची बेरीजही बरी. मग कुणीतरी विचारायचेच, "किती चालली?" मी खरा आकडा सांगायचो आणि खोलीत अशी शांतता पसरायची जणू मी माझी शुगर सांगितली. मी डायरीचे, घाटाचे, तेलातल्या ओलीचे सांगू लागलो की लोक मान हलवायचे, सहानुभूतीने. आता मी विषय काढत नाही. आकड्यात पुढे बरीच भर पडली आहे. डिझेलची नोंद मी त्याच डायरीत पुढे चालू ठेवली आहे, शेऱ्याचा रकाना तेवढा रिकामा जातो.

परवा शेजारचे काका आले. मुलाला नोकरी लागली आहे, लोणंदला. गाडी घ्यायची म्हणतो. मोबाइल पुढे करून त्यांनी फोटो दाखवला, लाल गाडी, बॉनेटवर हार.

"सिंगल ओनर आहे. अठ्ठावीस हजार फक्त. आणि मुख्य म्हणजे..."

"डॉक्टरांची," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

रविवारी सकाळी बघायला जायचे ठरले आहे. मिस्त्रीला फोन केला. तो येतो म्हणाला, टॉर्चमध्ये सेल तेवढे नवे घालून ठेवा.