पट्टा नसलेले पाहुणे

अडाण नदीकाठच्या बोरी अरबला पोहायचा पास कधी कुणी काढला नसेल. नदीला पाणी असलं की पोरं नदीत, नसलं की कुणाच्या तरी विहिरीत, आणि विहिरीचा मालक फार तर चार शिव्या घालणार. अशा मुलखातलं कुटुंब टिपेश्वरच्या वाघाच्या निमित्ताने एखाद्या रिसॉर्टात एक खोली घेतं. मागच्या गाडीतून मेहुणे, साडू आणि त्यांची चार पोरं ‘नुसतं पोहून जातो’ म्हणत येऊन टपकतात, तेव्हा काही गैर होतंय असं कुणाला वाटतच नाही. तलावाच्या दाराशी मनगटावरचे पट्टे तपासणारा पोरगा आडवा येतो आणि ‘फक्त निवासी पाहुण्यांसाठी’ या पाटीकडे बोट दाखवतो. साडूंचं डोकं अशा वेळी फार चालतं. आतल्याचा पट्टा हळूच ओला करून सोडवायचा, कुंपणावरून बाहेर द्यायचा आणि एका पट्ट्यावर तिघांनी डुंबून घ्यायचं. वर ‘अतिथी देवो भव’ आहेच. फक्त देवांची संख्या बुकिंगमध्ये लिहायची राहून गेलेली असते.

रिसॉर्टचा नियम बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. तलावाची गाळणी ठरावीक माणसांचा मळ काढण्याच्या बेताने बसवलेली असते. तिथे डोळे झोंबवणारा जो उग्र वास येतो, तो क्लोरीनमध्ये माणसांचा घाम आणि लघवी मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे माणसं वाढली की वासही वाढतो. शिवाय जीवरक्षक एक आणि पोरं वीस असली, तर बुडणाऱ्याकडे पट्टा होता का, हा प्रश्न उरत नाही. यावर काही उत्साही मंडळी लगेच महाडचा दाखला देतात. तो इथे लागू नाही. चवदार तळं सार्वजनिक होतं आणि महाड नगरपालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने सरकारी खर्चाची तळी-विहिरीच नव्हे, तर खासगी हॉटेलंही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवू शकणार नाहीत, असं बजावलं. पैसे न भरलेल्या साडूला अडवू नये, असं मात्र ते कलम म्हणत नाही.

तेव्हा नियम मान्य. फक्त तो कुंपणाच्या दोन्ही बाजूंना लावावा. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात २ लाख ४० हजार लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर ठरवले आहेत. त्या हिशेबाने हे ४,३०० हून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं, तरी २,००० लिटर गेले. म्हणजे ३६ माणसांच्या वाट्याचं पाणी सूर्यनारायण रोज पिऊन जातो आणि त्याचा पट्टा कुणी तपासत नाही. ही भरपाई येते कुठून? बहुतेक ठिकाणी बोअरमधून. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो भेगांमध्ये आणि वरच्या मुरुमात, आणि त्या भेगा सात-बारा बघून पडलेल्या नसतात. तरी १८८२ चा इंग्रजी अमदानीतला सुखाधिकार कायदा सांगतो की ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क. थोडक्यात, रिसॉर्टवाल्याने दोन एकरांची खोली घेतली आणि सगळ्या शिवाराच्या तलावात पन्नास पाहुणे आणून सोडले. आमच्या साडूने केलं ते याहून वेगळं काय होतं?

‘रिसॉर्टचं पाणी ते केवढं! एक एकर गहू त्याच्या कितीतरी पट पितो,’ असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि खोल बोअरची शर्यत आम्ही शेतकऱ्यांनीच आधी लावली, हेही खरं. पण एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले, तेव्हाही मैदानांचं पाणी शेतीपुढे चिमूटभरच होतं. दुष्काळात पाणी किती, याआधी ते कशासाठी, हे विचारावं लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेलं यवतमाळ टँकरवर आलं, तेव्हा हा प्रश्न शहरालाही समजला होता. पाऊस पडला आणि प्रश्न विसरला गेला. रोजगाराचं म्हणाल, तर तो मिळतोच. पट्टे तपासणारा पोरगा गावातलाच असतो आणि सुटी झाल्यावर त्याच्या घरीही टँकरचीच वाट बघायची असते.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हे राज्याच्या १९९३ च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे. म्हणून ग्रामसभांनी रिसॉर्टांकडे साधी मागणी करावी. ‘फक्त निवासी पाहुण्यांसाठी’ या पाटीखाली दुसरी पाटी लावा: बोअर किती फूट, गावाच्या विहिरीपासून किती मीटर, रोजचा उपसा किती लिटर. पाहुणे मोजता येतात, तर लिटरही मोजता येतील. ती पाटी लागेपर्यंत आपणही खोलीमागे ठरलेलीच माणसं न्यावीत आणि उरलेल्या साडू-मेहुण्यांना घरच्या विहिरीवर पोहायला बोलवावं. मे महिन्यात तिला पाणी असलं तर.