फुटकं घरात ठेवू नये!

(रंगमंचावर एक टेबल, त्यावर फुटकी बशी. कुमुदकाकू बोलताना हनुवटी वर आणि आवाज नाकात.)

मंडळी, माझं म्हणणं एवढंच, की फुटक्या कपबश्यांचं मोझॅक भिंतीवर करून घेणार असाल, तर कारागिराशी घासाघीस करू नका. झालं! कुमुदकाकू उठल्या. प्रत्येक सोसायटीत एक कुमुदकाकू असतातच. नसल्या तर बिल्डर बसवून देतो. "अहो, फुटकं घरात ठेवू नये! लक्ष्मी जाते!" काकू, जरा गच्चीवर चला. पायाखाली काय आहे? चायना मोझॅक! खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर फोडलेल्या पांढऱ्या टाइल्स. त्यावरच तुम्ही कुरडया वाळवता. अख्खी बिल्डिंग वर्षानुवर्षं फुटक्या चिनी मातीखाली घोरते आहे आणि लक्ष्मीने एकदाही सामान बांधलेलं नाही. फुटकं पाणी अडवत असेल तर शुभ, नुसतं सुंदर दिसत असेल तर अशुभ? आणि ते पाणी तरी कुठे अडतंय? सेक्रेटरी वर्गणी घेऊन गेले, गळती मात्र घरचं माणूस असल्यासारखी राहिली! वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेत 'संगत' या आपल्या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर हेच पांढरे तुकडे लावले. ऊन परतवायला. त्यांना २०१८ साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. आणि जन्म पुण्याचा! (टाळ्यांसाठी थांबावे. नाही आल्या तर प्रयोग पुण्याबाहेर आहे असे समजावे.)

काकूंचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार. "बश्या आमच्या, फोडल्या आमच्या सुनेनं, आणि पैसे त्याला?" बिनतोड वाटतं ना? पण बशी हातात घेऊन बघा. तळ सोडला तर ती सपाट कुठे असते? कपाचा तुकडा भिंतीला टेकवा, आघाडी सरकारसारखा डुगडुगतो. बोन चायना पातळ, रोजचा मग जाड. दोघांना एका पातळीत आणायचं तर खालचा मसाला तुकड्यागणिक कमीजास्त करावा लागतो. बशीवरचं गुलाबाचं फूल अख्खं राहावं म्हणून पकडीने कडा कणाकणाने कुरतडायची, धार घासायची, फटींत ग्राउट भरायचं आणि ते वाळून दगड व्हायच्या आत पुसून काढायचं. सुनेने एका सेकंदात जे केलं ते निस्तरायला एवढं लागतं. पैसे या निस्तरण्याचे आहेत. "मग जाळीवर चिकटवलेलं तयार मिळतं की!" मिळतं. त्यात सगळे तुकडे एका मापाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे. त्यांच्यातून कधी कुणी चहा प्यायलेलं नसतं.

आणि फुटतं काय, हेही बघा. शोकेसमधला सेट कधी फुटत नाही, कारण तो फक्त दाखवायचा असतो. फुटतात त्या रोजच्या बश्या. अशाच रोजच्या तुकड्यांना जपणारे नेकचंद सैनी चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. फाळणीत त्यांचं गाव पलीकडे राहिलं. नवं शहर वसवताना जी गावं पाडली, त्यांच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी फुटकी भांडी, बांगड्या वेचल्या आणि जंगलात, सरकारी जमिनीवर, कित्येक वर्षं गुपचूप माणसं घडवली. १९७६ साली तेच सगळं 'रॉक गार्डन' म्हणून लोकांसाठी खुलं झालं, १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याचं घर हातचं गेलं, त्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं खापर टाकवत नसेल. आपल्या भिंतीतल्या तशाच तुकड्याला बोट लावलं, की ती बशी ज्या हाताने रोज पुढे यायची तो हात...

"अहो!" (हनुवटी वर.) "पटलं हो मला. तुमच्या त्या कारागिराला बश्या कमी पडत असतील तर सांगा. आमची सून मोकळीच आहे!"

(अंधार.)